मुंबईत घरच्या लॉनची हिवाळ्यासाठी तयारी: पाऊस गेल्यापासून संक्रांतीपर्यंत

मुलुंडला तळमजल्यावर राहायला आलो तेव्हा घरासमोर साधारण २० बाय २० फुटांची हिरवळ आयती मिळाली. ऑगस्टमध्ये ती इतकी दाट होती की अनवाणी चाललं तरी पायाला माती लागायची नाही. जानेवारी उजाडला तेव्हा मधोमध पिवळे चट्टे होते, भिंतीकडे शेवाळ होतं आणि एका कोपऱ्यात उघडी माती पडली होती. माळीकाकांना बोलावलं, त्यांनी बसून गवताची एक काडी उपटून पाहिली आणि म्हणाले, "ताई, आता थांबायचं. हे काम ऑक्टोबरात करायचं असतं."

त्या वर्षी मी परदेशी व्हिडिओ बघून तयारी केली होती. त्यांत सांगितलं होतं की थंडी सुरू झाली की पाणी बंद करा, पाइप रिकामे करा, गवताला झोपू द्या. मी डिसेंबरात पाणी बंद केलं आणि लॉन वाळलं. तिकडे बर्फ पडतो, जमीन गोठते. आपल्याकडे सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचं सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. हरळीचं गवत झोपी जातं ते मातीचं तापमान १० अंशांखाली उतरलं की, आणि मुंबईत तेवढी थंडी कधी पडत नाही. इथे गवत हिवाळाभर जागं असतं, फक्त मंदावतं. थंडीने ते मरत नाही. चार महिन्यांच्या पावसाने माती घट्ट बसलेली असते, खत वाहून गेलेलं असतं, वर ऑक्टोबर हीटचा तडाखा बसतो आणि मग सावली लांबते. यातून झालेलं नुकसान गवत जोमात असतानाच भरून निघतं. म्हणून सगळं जड काम ऑक्टोबरचा पहिला आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य एवढ्यात उरकायचं. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. आकाश निरभ्र झालं आणि दुपारी घामाच्या धारा लागल्या की समजा, तुमचे पाच-सहा आठवडे सुरू झाले.

खालची सगळी मापं ४०० चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर लॉनसाठी आहेत. तुमची जागा मोजा आणि त्या हिशेबाने कमी-जास्त करा.

आधी जमवून ठेवा

- खुरपं, दंताळं, मातीची चाळणी, घमेलं
- गार्डन फोर्क. नसेल तर १२ मिलिमीटरची टोकदार लोखंडी सळई
- गवत कापायचं मशीन किंवा मोठी कातर, धार लावलेली
- चाळलेली लाल माती, नदीची रेती, गांडूळखत
- कडुनिंबाची पेंड २ किलो, सुफला १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं मिश्र खत) पाऊण किलो, म्युरेट ऑफ पोटॅश (पालाश देणारं खत) २०० ग्रॅम
- स्वयंपाकघरातला वजनकाटा, फूटपट्टी आणि श्रीखंडाचे तीन रिकामे डबे

माती-रेतीची पोती सोसायटीच्या आवारात उतरवायची असतील तर आधी सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्या. टेम्पो गेटवर आल्यावर बोलणी सुरू झाली की पोती रस्त्यावर राहतात.

१. आपलं गवत कुठलं ते ओळखा

मुंबईच्या घरांत बहुतेक तीनच प्रकार दिसतात. बारीक पानाची, जमिनीलगत धावणारी, पेराला पेराला मुळं सोडणारी ती हरळी, म्हणजे गणपतीला आपण वाहतो ती दूर्वा. नर्सरीत चौकोनी तुकडे मिळतात, हाताला गादीसारखं लागतं आणि पान सुईसारखं असतं ते मेक्सिकन. बोटभर रुंद पानाचं, जाड दांड्याचं ते बफेलो. हरळीला ऊन हवंच. मेक्सिकन थोडी सावली सोसतं पण हळू वाढतं, आणि बफेलो सावलीत सगळ्यांत चांगलं टिकतं. कापणीची उंची आणि जागा दोन्ही यावर ठरतात, म्हणून हे आधी.

२. सावली मोजा

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती, आणि माझं लॉन जाण्याचं अर्धं कारण इथेच होतं.

जूनमध्ये भर दुपारी मुंबईत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून इमारतीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य दुपारी दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४७-४८ अंश वर असतो. सात मजली, साधारण २१ मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे १९ मीटर, म्हणजे साठ फुटांपेक्षा जास्त पसरते. आमच्या दक्षिणेला अशीच एक इमारत आहे, लॉनच्या कडेपासून सुमारे १३ मीटरवर. पावसाळ्यात तिचा काही त्रास नाही. नोव्हेंबर लागला की भर दुपारची सावली लॉनच्या कडेवर येते, डिसेंबरात सगळं लॉन झाकते आणि फेब्रुवारीच्या मध्याला निघून जाते. ते साडेतीन महिने भिंतीलगतच्या पट्टीच्या वाट्याला सकाळचं तीनेक तासांचं तिरपं ऊन येतं.

करायचं एवढंच: ऑक्टोबरपासून दर रविवारी दुपारी साडेबाराला सावलीच्या कडेला एक काडी रोवा. तीन-चार रविवारांत ती कुठवर येणार याचा अंदाज येतो. जिथे दिवसाला चार तासांपेक्षा कमी ऊन राहणार तिथे हरळीचा हट्ट सोडा. मी भिंतीलगतची चार फुटांची पट्टी बफेलोला दिली आणि बाकी हरळी ठेवली. दुसरी गोष्ट, सावलीतल्या भागाला पाणी आणि खत दोन्ही निम्मं लागतं. सगळीकडे सारखं दिलं की सावलीतलं कुजतं.

इथे एक सापळा आहे. ऊन यावं म्हणून आंब्याची किंवा बदामाची फांदी परस्पर तोडू नका. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि छाटणीसाठीही पालिकेची परवानगी लागते. आपल्या वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान विभागात अर्ज करायचा. आम्ही अर्जासोबत झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो आणि सोसायटीचं पत्र जोडलं होतं. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पावसाळ्यातच टाका.

३. तण, आणि त्यातही लव्हाळा

केना, माका, आंबुशी हाताने निघतात, त्यांना फार वेळ देऊ नका. लव्हाळा मात्र वेगळा. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो. लव्हाळ्याखाली काळसर गाठी असतात आणि एका गाठीपासून दोऱ्यासारखी मुळी पुढच्या गाठीकडे जाते. वरून ओढलात की पानं हातात येतात, गाठ खाली राहते आणि दहा दिवसांत पुन्हा हिरवा कोंब डोकं काढतो. म्हणून माती पावसाने मऊ आहे तोवरच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, खुरपं तिरपं घालून गाठीसकट काढा. काढलेल्या गाठी कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका, तिथून त्या पुढच्या वर्षी परत लॉनमध्येच येतात.

शेवाळ असेल तर खुरप्याने पातळ खरवडून काढा. शेवाळ म्हणजे तिथे पाणी साचतं आणि ऊन पोचत नाही. नुसतं खरवडून ते थांबत नाही, त्यासाठी पुढची पायरी.

४. माती मोकळी करा

एक पेचकस घ्या आणि लॉनमध्ये दाबा. मनगटाच्या जोराने चार इंच सहज गेला तर माती ठीक. दोन इंचांवर अडकला तर मुळंही तिथेच अडकलेली आहेत. पहिल्या वर्षी आमच्याकडे दीड इंचावर अडकला होता. खाली भरावाचा मुरूम, त्यावर चार महिने पावसाचा मारा आणि मुलांचं क्रिकेट.

आदल्या दिवशी पाणी घालून माती ओलसर करा. चिखल नको, कोरडीही नको. मग फोर्क किंवा सळई तीन-चार इंच खोल सरळ घाला, किंचित हलवा आणि बाहेर काढा. दर चार-पाच इंचांवर एक भोक. ४०० चौरस फुटांना दोन माणसांच्या दोन सकाळी जातात. दमवणारं काम आहे, पण सगळ्या यादीतलं एकच काम करायला वेळ असेल तर हेच करा. खत-पाणी नंतरही देता येतं. घट्ट मातीत ते वरच राहतं.

उलटं चालत काम करा, म्हणजे केलेल्या भोकांवर पाय पडत नाही. जिथे लोक रोज चालतात, उदाहरणार्थ गेटपासून पायरीपर्यंतची वाट, तिथे भोकं दुप्पट जवळ करा.

५. मातीचा पातळ थर

भोकं केली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हा थर द्यायचा. प्रमाण: दोन भाग लाल माती, एक भाग रेती, एक भाग गांडूळखत. तिन्ही चाळून, कोरडं कालवा. थर अर्धा सेंटिमीटर, त्याहून जाड नाही. ४०० चौरस फुटांना साधारण १८५ लिटर मिश्रण लागतं, म्हणजे सिमेंटची पाच ते सहा रिकामी पोती भरतील एवढं. घमेल्याने ठिकठिकाणी ढीग घाला आणि दंताळं पालथं धरून पसरा. पसरून झाल्यावर गवताची टोकं वर दिसलीच पाहिजेत. टोकं बुडाली तर झाडूने माती भोकांत लोटा.

तीन ठिकाणी फसगत होते:

समुद्राची रेती कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं.

लाल मातीच्या पोत्यात प्लास्टर आणि विटांचे तुकडे निघतात. एक पोतं उघडून, चाळून मगच बाकीची घ्या.

अर्धकच्चं शेणखत घालू नका. त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते. मूठभर हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला, किंवा ढिगात हात घातल्यावर ऊब लागली, तर ते अजून कुजतंय. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि ते बोटांत भुगा होतं.

उघड्या पडलेल्या जागा याच वेळी भरून घ्या. कडेने पसरलेल्या हरळीच्या दोन-तीन पेरांच्या कांड्या तोडा, तीन-चार इंचांवर टोचा, एक पेर मातीत आणि एक वर. नोव्हेंबरच्या मध्यानंतर हे करू नका, मुळं धरायला फार वेळ लागतो. नर्सरीतून मेक्सिकनचे तुकडे आणणार असाल तर त्यालाही हीच मुदत.

६. खत: वजन करूनच

माझ्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक इथली. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून लॉन झटपट हिरवं करायला मी सकाळी दव असताना मुठीमुठीने युरिया फेकला. ओल्या पानांवर दाणे चिकटले आणि चार दिवसांत जिथे जिथे मूठ सुटली होती तिथे तिथे तपकिरी पट्टे उमटले. युरियात ४६ टक्के नत्र असतं, एवढं जोरदार खत अंदाजाने टाकायचं नसतं.

आता मी असं करते. मातीचा थर देतानाच निंबोळी पेंड २ किलो मिसळते. त्यानंतर आठवड्याने सुफला पाऊण किलो, तेही दोन हप्त्यांत: निम्मं तेव्हा आणि निम्मं तीन आठवड्यांनी. प्रत्येक हप्ता पुन्हा दोन भाग करून एकदा आडवं, एकदा उभं चालत फेकायचं, म्हणजे पट्टे पडत नाहीत. फेकताना पान कोरडं हवं आणि लगेच पाणी द्यायचं, म्हणजे दाणे पानावरून मातीत उतरतात. दुसऱ्या हप्त्याबरोबर पोटॅश २०० ग्रॅम. पोटॅशने रंग बदलत नाही, पण कमी पाण्यात तग धरायला त्याची मदत होते.

शेवटचा हप्ता नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आत. डिसेंबर-जानेवारीत नत्र बंद. तेव्हा दिलेल्या नत्राने कोवळी लुसलुशीत पानं येतात आणि दवाच्या दिवसांत बुरशी आधी त्यांनाच धरते.

७. कापणी थोडी उंच ठेवा

पावसाळ्यात हरळी एक इंचावर कापत असाल तर नोव्हेंबरपासून दीड इंचावर ठेवा. बफेलो अडीच इंच. ऊन कमी झालं की पान जास्त हवं, कारण गवताचं अन्न पानातच तयार होतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. गवत गुडघ्याला लागलं असेल तर आठवड्याच्या अंतराने थोडं थोडं कापून खाली आणा. एकदम भादरलं की खालचा पांढरा दांडा उघडा पडतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात करपतो.

कापल्यावर एक पान उचलून टोक पाहा. सरळ कापलेलं असेल तर ठीक. दोरा सुटल्यासारखं फाटलेलं असेल तर पात्याला धार नाही. गल्लीत चाक घेऊन धार लावणारे येतात, त्यांच्याकडून कातर आणि पातं दोन्ही लावून घ्या.

८. पाणी

ऑक्टोबरात दिवसाआड, डिसेंबरपासून तीन दिवसांनी एकदा, दर वेळी साधारण ८ मिलिमीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, म्हणून आमच्या लॉनला एका वेळी ३०० लिटर लागतात. स्प्रिंकलर किंवा पाइप किती वेळात तेवढं देतो हे श्रीखंडाच्या डब्यांवरून कळतं. तिन्ही डबे लॉनवर लांब लांब ठेवा, पाणी सोडा आणि फूटपट्टीने मोजा. आमच्याकडे एका डब्यात १२ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ३ आलं होतं. तिथे चट्टे का पडतात ते त्या दिवशी कळलं.

रोज थोडं शिंपडण्यापेक्षा असं अंतराने भरपूर दिलेलं बरं, मुळं ओलीमागे खोल जातात. पाणी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी आणि पहाटेचं दव मिळून पान बारा-चौदा तास ओलं राहतं, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं.

पाणी कुठलं वापरता याचाही विचार करा. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणापासून विहार-तुळशीपर्यंत सात तलावांचं पाणी येतं आणि उन्हाळ्याकडे त्याची ओढाताण होते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. बोअरचं पाणी चालतं, पण आधी चाखून पाहा. खारट लागलं तर हरळीला अधूनमधूनच द्या आणि मधे एकदा गोड्या पाण्याने माती धुवून काढा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी लॉनला घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात.

९. दव, बुरशी आणि हुमणी

डिसेंबरात सकाळी लॉनवर चाललात आणि पाऊल भिजलं तर ते दव झाडून टाका. पाइप किंवा लांब काठी गवतावरून एकदा ओढत नेली की थेंब गळतात आणि पान तासाभरात सुकतं. गोल, तपकिरी, वाटीपासून ताटाएवढे चट्टे दिसले आणि कडेची पानं ओलसर काळपट असली तर बुरशी समजा. पहिलं काम पाणी अर्ध्यावर आणा, कापलेलं गवत उचला आणि मशीनचं पातं धुवा. आमच्याकडे दोनदा तेवढ्यानेच थांबलं. वाढतच राहिली तर नर्सरीवाल्याला चट्ट्याच्या कडेचा तुकडा दाखवून औषध घ्या आणि फवारल्यावर मुलं-मांजरं दिवसभर आत ठेवा.

चट्टा पिवळा असेल आणि गवत चटईसारखं उचलून हातात येत असेल तर मुळं हुमणीने खाल्ली आहेत. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी चोच मारताना दिसतात तेव्हाही खणून बघा. फूटभर चौकोनात तीन इंच खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडतील. एक-दोन असतील तर वेचून टाका. पाच-सहा असतील तर मेटारायझियमची पावडर गांडूळखतात मिसळून, संध्याकाळी ओल्या मातीत द्या. ही बुरशी अळीला मारते, गवताला नाही. ऊस लावणारे शेतकरीही हुमणीसाठी हीच वापरतात.

१०. डिसेंबर-जानेवारीतला वावर

या दोन महिन्यांत गवत तुडवलं गेलं तर भरून यायला आठवडेच्या आठवडे जातात. मुलांच्या क्रिकेटची खेळपट्टी दर रविवारी थोडी सरकवा. संक्रांतीनंतर सोसायटीचं हळदीकुंकू लॉनवर असेल तर खुर्च्या चालतील, पण जाड सतरंजी किंवा प्लास्टिकची ताडपत्री रात्रभर पसरून ठेवू देऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खालचं गवत पिवळं पडतं. आमच्या इमारतीतल्या काकूंना मी सरळ सांगितलं, "काकू, कार्यक्रम संपला की लगेच सतरंजी उचलूया, मी येते मदतीला." दर वर्षी आता त्या स्वतःच आवाज देतात.

हिवाळ्यात मुंबईची हवा जड होते आणि जवळ बांधकाम चालू असेल तर पानांवर करडी धूळ साचते. आठवड्यातून एकदा, पाण्याच्या पाळीच्या दिवशी, पाइपाला बारीक झारीचं तोंड लावून पानं धुवून घ्या.

फेब्रुवारीच्या मध्याला दुपारची सावली लॉनवरून निघाली की रोवलेल्या काड्या उचला, पाणी पुन्हा दिवसाआड करा आणि कापणीची उंची एक-एक पायरी खाली आणा. सुफलाचा पुढचा हप्ता त्यानंतर आठवड्याने, पान कोरडं असताना.